आजोबांच्या बुलेटमध्ये दुसरं इंजिन बसवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांची १९७२ ची बुलेट ३५० घरी उभी आहे, इंजिन जाम झालंय. गॅरेजवाला म्हणतो, डिझेल नाहीतर एखाद्या नव्या गाडीचं इंजिन टाकून देतो. हौशी मंडळींना विचारलं तर अर्धे म्हणतात पाप आहे, अर्धे म्हणतात बिनधास्त टाका. मग ऐकायचं कोणाचं?

मी नागपूरचा. वीसेक वर्षं जुन्या गाड्यांमध्ये रमलोय आणि असं एक इंजिन स्वतः बसवलंय, म्हणून आधी उत्तर देऊन टाकतो. तुमच्या गाडीत हे करू नका. पण इंजिन बदलणं मुळातच वाईट, असं मी मानत नाही.

काटोलला मामांच्या संत्र्याच्या बागेत, गोठ्यामागे, बुलेटची नुसती फ्रेम पडून होती. इंजिन नाही, कागद नाहीत, टाकीत गांधीलमाश्यांचं घर. त्याच गावात एकाकडे एनफील्डची टॉरस होती. नव्या पिढीला हे नाव माहीत नसेल. बुलेटच्याच सांगाड्यात ग्रीव्हज-लोम्बार्दिनीचं ३२५ सीसी डिझेल इंजिन टाकून खुद्द कंपनीनं विकलेली गाडी होती ती. ताकद साडेसहा अश्वशक्ती, वेग ताशी ६५ च्या आसपास, पण लिटरला सत्तर किलोमीटर सहज जायची. दुधाचे कॅन लादून ती बांधावरून जाताना मी बघितली होती आणि तेव्हाच मनात घेतलं की आपणही असंच करायचं. एका भंगार झालेल्या तीनचाकीचं डिझेल इंजिन मिळालं आणि नागपुरात एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे काम सुरू झालं.

मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाला, "बसवून तर काईबी देतो भाऊ, पन हे फ्रेम त्याले झेलन का, ते सांगा." मला वाटलं, तो पैसे वाढवायला बघतोय.

तो काय सांगत होता ते काटोल रोडवरच्या फेटरी गावाच्या पुढे कळलं. जुन्या बुलेटच्या फ्रेमला इंजिनाखाली पूर्ण पाळणा नसतो. समोरची नळी खाली येते आणि इंजिनापाशी थांबते. तिथून मागच्या भागापर्यंतचं अंतर इंजिनाचं केसिंगच जोडतं. म्हणजे इंजिन हा फ्रेमचाच एक तुकडा असतो. ते काढलं की वर्तुळ तुटतं. आम्ही मधे सहा मिलिमीटरच्या लोखंडी प्लेटा घालून डिझेल इंजिन अडकवलं होतं. पेट्रोल बुलेटचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये वायू दाबला जायचं प्रमाण, साधारण साडेसहाला एक, डिझेलचं त्याच्या अडीच-तीन पट. प्रत्येक ठोका त्या प्लेटांच्या भोकांवर बसत होता. पन्नासेक किलोमीटरच्या फिरण्यात भोकं लांबट झाली आणि काटोल रोडवर मागचा बोल्ट तुटला. इंजिन कलंडलं, चेन उतरली. वेग चाळीसचा होता म्हणून निभावलं. कागद नसलेली गाडी रस्त्यावर काढली, ती माझी चूक होती आणि त्या दिवशी मागून ट्रक असता तर ती फार महागात पडली असती.

नंतर मिस्त्रीनं खालून दोन नळ्यांचा पाळणा करून दिला आणि इंजिनाचं डोकं वरच्या नळीला पट्टीनं बांधलं. ती गाडी आजही बागेत फवारणीचा पंप ओढते. रस्त्यावर पुन्हा कधी आणली नाही. पण ती फ्रेम भंगारात वितळली असती, ती जगली, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता हौशी लोकांची मतं दोन टोकांना का जातात, ते बघा. जे लोक उदाहरण म्हणून ट्रायटनचं, म्हणजे नॉर्टनच्या फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन टाकलेल्या ब्रिटिश मोटरसायकलचं, नाव घेतात ते चुकीचं बोलत नाहीत. नॉर्टनची फेदरबेड फ्रेम १९५० मध्ये शर्यतीत उतरली. मॅककँडलेस बंधूंची ती रचना दोन नळ्यांची, इंजिनाभोवती पूर्ण फिरणारी. नॉर्टनचा रेसर हॅरॉल्ड डॅनियल ती चालवून म्हणाला की पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं, त्यावरून हे नाव पडलं. त्याच काळात ब्रिटनमध्ये ५०० सीसीच्या छोट्या फॉर्म्युला ३ मोटारींना नॉर्टनची मॅन्क्स इंजिनं हवी असायची. नुसतं इंजिन मिळत नसे, म्हणून मोटारवाले अख्खी मोटरसायकल विकत घ्यायचे आणि इंजिन काढून घ्यायचे. चांगल्या फ्रेमा रिकाम्या उरायच्या. दुसरीकडे ट्रायम्फचं इंजिन जोरदार, पण त्यांची फ्रेम वळणावर डुलायची. कोणीतरी दोन्ही जोडलं आणि ट्रायटन झाली. १९६५ मध्ये डेव्ह डेगन्स या ब्रिटिश रेसरनं अशाच गाडीवर बार्सिलोनाची २४ तासांची शर्यत जिंकली. आज चांगल्या ट्रायटनला जुन्या गाड्यांच्या बाजारात स्वतःचा मान आहे.

आमच्याकडे रविवारी सकाळी फुटाळा तलावावर तर्री-पोह्यांसोबत हा वाद रंगतो, तेव्हा मी एवढंच म्हणतो की ट्रायटनमध्ये कोणाची धडधाकट गाडी कापली गेली नव्हती. आधीच पोरकी झालेली फ्रेम होती, आणि ती इंजिनापेक्षा मजबूत होती. या दोन गोष्टी जुळल्या तर मी स्वतः पाना घेऊन येईन.

आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. यामाहाच्या जुन्या आरएक्स १०० च्या फ्रेममध्ये केटीएम ३९० चं इंजिन, ही सध्याची हौस. आरएक्स ११ अश्वशक्तीसाठी बनलेली, पुढे ड्रम ब्रेक. त्यात ४३ अश्वशक्ती घातली तर पळेल, प्रश्नच नाही. पण थांबणार कशी? शिवाय ते पाण्यानं थंड होणारं इंजिन. बारीक फ्रेमवर पुरेसा मोठा रेडिएटर लावणार कुठे, आणि मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर गेलं की व्हरायटी चौकाच्या सिग्नलला त्याचं काय होणार? व्हिडिओत फक्त मीटरचा काटा दिसतो.

ज्यांना खरंच वेगळं इंजिन हवं, त्यांनी आपल्या रायपूर रस्त्यानं भिलाईपर्यंत नजर टाकावी. पॉल कार्बेरी यांनी ऑस्ट्रेलियात सुरू केलेलं दोन सिलिंडरांच्या इंजिनाचं काम तिथे आलं आणि २०१७ मध्ये १००० सीसीची डबल बॅरल जाहीर झाली. कल्पना बुलेटच्या दोन सिलिंडरांची, ५५ अंशांच्या कोनात. पण त्यासाठी स्वतःचं क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं केसिंग, आखावं लागलं. दुसरा सिलिंडर नुसता घुसवता येत नाही. मला ती गाडी आवडते, कारण तिच्यामागे गणित आहे.

कायद्याचंही सांगतो, कारण गॅरेजवाला ते सांगणार नाही. आरसीवर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन परवानगी घेऊन बदलता येतं. सीएनजी किंवा बॅटरीसाठी मान्यताप्राप्त किटची वाट वेगळी आहे. बाकी बदलांना कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल, ते वेगळंच.

आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: तुमची बुलेट पन्नाशी ओलांडलेली आहे. २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते आणि क्रमांकात व्हीए ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, आणि चेसिस किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, ही अट आहे. गॅरेजवाल्यानं कटर चालवला की ही वाट कायमची बंद.

शिवाय जाम झालेलं इंजिन म्हणजे मेलेलं इंजिन नाही. ओतीव लोखंडाचा सिलिंडर वर्षानुवर्षं उभा राहिला की रिंगा गंजून भिंतीला चिकटतात. प्लग काढा, भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं ओता आणि आठ-दहा दिवस हात लावू नका. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चौथ्या गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हातानं थोडं पुढे, थोडं मागे करा. किक अजिबात मारू नका, किकचे दाते तुटतात. सुटलं तर उघडून बघा. सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून थोडा रुंद करून, ओव्हरसाइझ पिस्टन बसतो, फारच खाल्ला असेल तर आत स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, घालता येते. बिग एंडला, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथे, या इंजिनात तरंगता बुश (सैल फिरणारी कडी) असतो. क्रँक उघडलाच तर तो बदलूनच घ्या. हे सुटे भाग आजही मिळतात आणि काम जाणणारे हात नागपुरात अजून आहेत. ७० मिलिमीटर रुंद सिलिंडरमध्ये पिस्टनच्या ९० मिलिमीटरच्या त्या लांब स्ट्रोकचा ठोका दुसऱ्या कुठल्या इंजिनातून येत नाही. तुमच्या आजोबांनी जो आवाज ऐकला असेल, तोच तुम्हाला ऐकू येईल.

डिझेल ओतायच्या आधी इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. दहा दिवसांनी चाक हललं की नाही, ते इथे नक्की लिहा.