विघटनशील की विघटनक्षम?

प्रश्न असा आला आहे : पिशव्यांवर छापलेल्या ‘बायोडिग्रेडेबल’ आणि ‘कंपोस्टेबल’ या दोन्ही शब्दांसाठी मराठीत ‘विघटनशील’ चालेल का?

माझ्या मते चालू नये. ‘शील’ म्हणजे स्वभाव. सहनशील माणूस कुठेही गेला तरी सहनशीलच राहतो. तशी ‘विघटनशील’ पिशवी कुठेही टाका, आपोआप कुजेल असं वाचणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात तसं होत नाही. प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकली जाणारी पिशवी तीन वर्षं मातीत आणि समुद्रात राहूनही सामान भरून उचलण्याइतकी धड होती. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली. मातीत मात्र २७ महिन्यांनंतरही सापडली, फक्त वजन पेलत नव्हती. जागा बदलली की निकाल बदलतो, मग त्याला स्वभाव कसं म्हणायचं?

म्हणून ‘जैवविघटनक्षम’ म्हणावं. क्षमता आहे, पण योग्य परिस्थिती मिळाली तरच ती दिसेल, एवढंच हा शब्द सांगतो. त्यातला ‘जैव’ कृपया गाळू नका. उन्हाने प्लास्टिकचा चुरा होणं हेही विघटनच, पण चुरा झालेलं प्लास्टिक प्लास्टिकच राहतं. ऑक्सो-डिग्रेडेबल, म्हणजे लवकर चुरा व्हावा म्हणून रसायनं मिसळलेल्या, प्लास्टिकच्या वस्तूंवर युरोपीय संघाने २०२१पासून बंदी घातली ती याच कारणाने. कुजवायला सूक्ष्मजीव लागतात.

‘कंपोस्टेबल’साठी ‘कंपोस्टयोग्य’ बरा. या शब्दामागे मोजमाप आहे. ईएन १३४३२ या युरोपीय मानकानुसार १२ आठवड्यांनी दोन मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून जास्त तुकडे उरता कामा नयेत. पण ही चाचणी कारखान्यातल्या कंपोस्टिंगसाठीची आहे. मक्यापासून बनणाऱ्या पीएलए या प्लास्टिकला ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, घरच्या खतखड्ड्यात ती सहसा टिकत नाही. तेव्हा वेष्टनावर ‘औद्योगिक कंपोस्टयोग्य’ असंच पूर्ण छापायला हवं.

(‘जैवप्लास्टिक’ हा आणखी वेगळा शब्द; वनस्पतींपासून केलेल्या किंवा कुजू शकणाऱ्या, अशा दोन्ही प्लास्टिकना तो लावतात. उसापासून केलेलं पॉलिथिलीन कुजत नाही; खनिज तेलापासून केलेलं पीबीएटी हे प्लास्टिक कुजू शकतं.)

शब्दाचा एवढा आग्रह धरतो, कारण ‘विघटनशील’ छापून कंपनी मोकळी होते आणि कचरा ग्राहकाच्या गळ्यात पडतो. वस्तू वापरून झाल्यावर तिच्या कचऱ्याची जबाबदारीही उत्पादकाचीच, या १९९०मध्ये स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी मांडलेल्या कल्पनेला आपण ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ म्हणतो. मी ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’ लिहितो, म्हणजे जबाबदारी कोणाची ते आधी कळतं. ‘कंपोस्टयोग्य’ छापणाऱ्याने ती पिशवी कोण गोळा करणार, कुठल्या प्रकल्पात नेणार आणि त्याचा खर्च कोण देणार, हेही सांगायला हवं.