शेजारच्या बोअरनं विहीर आटली, दाद कुणाकडं?

प्रश्न : सर, नमस्कार. औसा तालुक्यात आमचं चार एकर रान आहे. सासऱ्यांच्या काळातली पन्नास फुटी विहीर. भर उन्हाळ्यातही जनावरांपुरतं आणि थोड्या भाजीपाल्यापुरतं पाणी राहायचं. दिवाळीनंतर शेजाऱ्यांनी बांधाला लागून आठशे फूट बोअर घेतला. त्यांना दोन इंच पाणी लागलं आणि आमची विहीर संक्रांतीलाच तळाला गेली. माझा भाचा न्यूझीलंडला कँटरबरीत गाईंच्या गोठ्यावर कामाला आहे. तो म्हणतो, "मावशी, इथं रीजनल कौन्सिलचं कन्सेंट, म्हणजे प्रादेशिक परिषदेचा परवाना, घेतल्याशिवाय शेताला पाणी उपसता येत नाही." आपल्याकडं असं कुणी आहे का? मी कुणाच्या दारात जाऊ?
— एक वाचक, जि. लातूर

उत्तर : ताई, भाचा खरं सांगतोय. पण आधी तुमच्या विहिरीचं बघू, न्यूझीलंड कुठं पळून जात नाही.

आपल्याकडं जमिनीखाली बहुतेक ठिकाणी काळा पाषाण आहे, थरावर थर. पाणी मुरतं आणि साठतं ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि झिजलेल्या खडकात. तुमची विहीर त्याच पाण्यावर जगते. खालचा पाषाण घट्ट. तिथं पाणी असलंच तर सांध्याफटींत, नाहीतर दोन थरांमधल्या लाल गेरूच्या पट्ट्याशी. बोअरची गाडी आठशे फूट खाली जाते, पण केसिंग, म्हणजे भोकाच्या आतला पाइप, टाकतात ते मुरूम ढासळू नये एवढंच, वीस-तीस फूट. केसिंगचे पैसे फुटावर लागतात ना! त्याखाली भोक उघडं. वरच्या थरातलं पाणी त्यात उतरतं आणि खालच्या कोरड्या फटींत जाऊन बसतं, शेजाऱ्यांची मोटर बंद असली तरी. नोकरीत असताना मी असे कितीतरी बोअर पाहिले. मोटर टाकण्याआधी तोंडाशी कान नेला की वरून पाणी पडल्याचा आवाज येतो. दुपारी आरशानं कवडसा आत सोडला तर पाषाणावरून ओघळणारं पाणी दिसतंसुद्धा. एजंट "सहाशे फुटांवर झरा लागला" म्हणतो, तो झरा बऱ्याचदा साठ फुटांवरचा, म्हणजे शेजारच्या विहिरीतला असतो.

तुमच्या बाबतीत असंच झालंय हे मी इथं बसून म्हणणार नाही. मोजायला लागेल. सुतळीला वजन बांधा, फुटाफुटावर गाठी मारा. रोज सकाळी स्वतःची मोटर लावायच्या आधी पाण्याची पातळी मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. शेजाऱ्यांच्या बाजूला लाइट कधी होती, मोटर किती वेळ चालली, तेही लिहा. तुमची मोटर बंद आणि त्यांची चालू असताना पातळी उतरत असेल, त्यांची बंद झाल्यावर सावरत असेल, तर दोन्ही पाणी एकच. ही वही सोबत असेल तर लातूरच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयातला भूवैज्ञानिक तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलेल. नुसतं "आमचं पाणी पळवलं" असं रोज दहा जण येऊन सांगतात.

आता कायदा. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यानुसार आपल्या जमिनीखालचं, ठरावीक प्रवाहात न वाहणारं पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाचा. शेजारी याच्याच जिवावर निर्धास्त असतात. पुढं १९९३ च्या कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला मनाई केली. मग २००९ चा महाराष्ट्र भूजल कायदा आला, तो २०१४ पासून लागू झाला. त्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीवर शेती आणि उद्योगासाठी बंदीची तरतूद आहे. बोअरच्या गाडीमालकानं नोंदणी करायची आहे. राज्याचं भूजल प्राधिकरण म्हणून मुंबईचं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण नेमलंय. कागद भक्कम आहे, ताई. २०१८ साली नियमांचा मसुदा निघाला, त्यावर हरकतींचा पाऊस पडला. इकडं तमिळनाडूच्या नंबरप्लेटच्या गाड्या रात्रभर घरघरतायत आणि दोनशे फुटांवर कुणी थांबलेला मी तरी पाहिला नाही.

तेव्हा नेम धरून अर्ज करा. गावाच्या नळयोजनेची विहीर किंवा हातपंप शेजाऱ्यांच्या बोअरपासून ५०० मीटरच्या आत आहे का, ते आधी बघा. असेल तर तो मुद्दा सगळ्यात वर, ग्रामपंचायतीचा ठराव जोडून, तहसीलदारांकडं, आणि प्रत भूजलच्या जिल्हा कार्यालयाला. नसेल तर खोलीचा मुद्दा घ्या आणि किती फूट केसिंग टाकलं याची चौकशी मागा. शेजाऱ्यांशी बोलणं तोडू नका. वरच्या थरापुरतं केसिंग वाढवून बाहेरची पोकळी सिमेंटनं भरली तर गळती थांबू शकते. त्यात त्यांचं पाणी कमी होईल, म्हणून ते सहज ऐकणार नाहीत, हेही सांगून ठेवतो.

आता भाच्याचा देश. १९८९ साली तिथल्या स्थानिक कारभाराची फेरमांडणी झाली, तेव्हा प्रादेशिक परिषदांच्या हद्दी बहुतांशी नद्यांच्या पाणलोटावरून आखल्या. अशा ११ परिषदा आहेत. ऑकलंडसारख्या काही ठिकाणी एकच संस्था नगरपालिकेचं आणि परिषदेचं काम बघते. १९९१ च्या कायद्यानं पाणी उपसणं, सांडपाणी सोडणं, हवेत धूर सोडणं यांचे परवाने त्यांच्याकडं दिले. पूरनियंत्रणही तेच बघतात. पाण्याचं कन्सेंट जास्तीत जास्त ३५ वर्षांचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं नाही. घरच्या आणि जनावरांच्या पिण्याला सहसा ते लागत नाही. सेकंदाला ५ लिटर किंवा त्याहून जास्त उपशाचं कन्सेंट असेल तर २०१० च्या नियमांनी मोजमाप सक्तीचं आहे. गंमत बघा, शेजाऱ्यांचं दोन इंच पाणी व्ही-नॉचवर, म्हणजे इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेतल्या पाण्याच्या उंचीवरून, मोजलेलं असेल तर ते तासाला साधारण २,९०० लिटर, म्हणजे सेकंदाला एक लिटरही नाही. त्या नियमातून ते तिथंही सुटले असते!

आणि तिथं सगळं आलबेल आहे असं नाही. बरीच वर्षं "जो आधी अर्ज करेल त्याला आधी पाणी" असंच चाललं. भाचा राहतो त्या कँटरबरीत तर पाण्याच्या कारभारावरून २०१० साली सरकारनं निवडून आलेली परिषद बाजूला सारून आयुक्त बसवले. पूर्ण निवडून आलेली परिषद परत आली ती २०१९ मध्ये.

मला हेवा वाटतो तो तिथल्या पाणलोटावरून आखलेल्या हद्दीचा. आपली मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटात उगम पावते, धरण केज तालुक्यात धनेगावला, पाणी पिणार लातूर, आणि तीन जिल्ह्यांचे तीन कलेक्टर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्याआधी धरणाच्या वरच्या अंगाला उसाला आणि बोअरला कुणी "थांब" म्हणायचं, हे कुणाचंच काम नव्हतं. मराठवाड्याचं म्हणून १९९४ पासून वैधानिक विकास मंडळ होतं, पण ते निधीचा अनुशेष मोजायला. परवाने देणं त्याच्याकडं नव्हतंच, आणि त्याचीही मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. खोऱ्याच्या हिशेबानं निर्णय होऊच शकत नाही असंही नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याबाबत आदेश दिलाच की. पण तो धरणांचा मामला. दोन शेजाऱ्यांच्या विहिरींच्या वादात पडायला खोऱ्याचा म्हणून कुणी नाही, म्हणून तुमची वही महत्त्वाची.

प्रश्न : गावाजवळच्या खडी केंद्राची धूळ आमच्या कापसावर बसते. मालक म्हणतो, ग्रामपंचायतीची ना हरकत आहे.
— एक वाचक, जि. जालना

उत्तर : दादा, ना हरकतीवर खडी केंद्र चालत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीआधी एक संमती लागते आणि चालवायला दुसरी. १९८१ च्या हवा कायद्यातच हे आहे. मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय जालन्यालाच आहे. दहा रुपयांचा स्टँप लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. "प्रदूषणाबाबत माहिती द्यावी" असं मोघम लिहिलंत तर मोघमच उत्तर येईल. संमतीपत्राची अटींसकट प्रत मागा, आणि शेवटच्या पाहणीचा अहवाल. पाण्याचे फवारे आणि आडोशाचे पत्रे अटींत असतील, तर केंद्र चालू असताना रस्त्यावरून फोटो काढून तेच तक्रारीला जोडा.