तुमचे प्रश्न : झांझिबारची लवंग आणि तिच्या मागचा हिशोब

मागच्या अंकात वाशीच्या मसाला मार्केटबद्दल लिहिताना ‘झांझिबार लवंग’ असा शब्द सहज टाकून गेलो आणि लवंग राहिली बाजूला, पत्रं सगळी झांझिबारची आली. म्हणून यावेळी सगळा कॉलम त्यालाच.

मुलीला आयआयटी मद्रासच्या झांझिबार कॅम्पसला अ‍ॅडमिशन मिळतेय. सासरची मंडळी म्हणतात आफ्रिकेत कुठे पाठवतेस पोरीला. मुळात झांझिबार हा वेगळा देश आहे की टांझानियाचा भाग? (एक आई, ऐरोली)

ताई, टांझानियाचाच भाग, पण तिथल्या माणसाला असं तोंडावर सांगितलंत तर तो ‘हो, पण...’ म्हणून अर्धा तास बोलेल. उंगुजा आणि पेंबा ही दोन मोठी बेटं आणि आजूबाजूची लहान बेटं मिळून झांझिबार. स्वतःचा राष्ट्राध्यक्ष, स्वतःचं विधिमंडळ, स्वतःचा झेंडा, पण पैसा, लष्कर आणि परराष्ट्र खातं टांझानियाचं. लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत जेमतेम १९ लाख, म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्यात अशी कितीतरी झांझिबारं मावतील. मुख्य भूमीवरच्या दार-एस-सलामहून बोटीने दोनेक तासांत पोचतो माणूस, आणि एकाच देशात असून उतरल्यावर पासपोर्ट दाखवायला परत रांग! मी उभा राहिलोय त्या रांगेत.

हे असं का, तर १९६४. ब्रिटिश गेले १० डिसेंबर १९६३ ला, गादी अरब सुलतानाकडे राहिली, आणि महिना सव्वा महिन्यात, १२ जानेवारी १९६४ ला क्रांती झाली. सुलतान पळाला, हजारो माणसं मारली गेली, त्यात अरब सगळ्यात जास्त, आणि भारतीय कुटुंबंही दुकानं-घरं टाकून निघाली. एप्रिलमध्ये झांझिबार आणि टांगानिका म्हणजे समोरची मुख्य भूमी एकत्र आले, आणि दोघांची नावं जोडून टांझानिया झालं. सध्याच्या टांझानियाच्या राष्ट्राध्यक्षा सामिया सुलुहू हसन याच बेटांवरच्या, हे सासूबाईंना जरूर सांगा. कॅम्पसचं म्हणाल तर २०२३ ला सुरू झालंय, भारताबाहेरची पहिली आयआयटी, आणि पहिल्या संचालक प्रीती अघलायम म्हणजे कुठल्याही आयआयटीच्या प्रमुखपदी बसलेली पहिली बाई. फी आणि होस्टेलची चौकशी तुमची तुम्ही करा, पण ‘आफ्रिका’ एवढ्या एका शब्दावर घाबरू नका हो.

वडील मसाला मार्केटमध्ये दिवाणजी होते. चांगल्या लवंगेला ‘झांझिबार’ म्हणायचे. खरंच तिथून येते, की नुसतं नाव? (वाचक, कोपरखैरणे)

येते की, अजूनही येते, पण मादागास्कर आणि कोमोरोसहूनही येते आणि नाव मात्र झांझिबारचं चिकटलेलं. मागच्या महिन्यात एका व्यापाऱ्याकडे बसलो होतो, त्याने गोणीत हात घालून मूठभर काढली आणि एक लवंग नखाने दाबली, नखाला तेल लागलं. मग ग्लासभर पाण्यात चार टाकल्या, तीन सरळ उभ्या बुडाल्या आणि एक आडवी तरंगत राहिली. ‘हिचं तेल आधीच काढलंय कुणीतरी’ म्हणाला. तुमच्या वडिलांना हे माहीत असणारच.

पण गंमत अशी की लवंग मूळची झांझिबारची नाहीच, ती इंडोनेशियाच्या मालुकू बेटांवरची. मॉरिशस-रियुनियनकडून १९ व्या शतकाच्या सुरुवातीला इथे आली आणि ओमानचा सुलतान सय्यद सैद याने तिच्यावर सगळा डाव लावला. हा बाबा १८४० च्या सुमाराला मस्कत सोडून राजधानीच झांझिबारला घेऊन आला, म्हणजे अरबस्तानचा राजा आफ्रिकेतल्या बेटावर बसून कारभार बघायचा. एका नारळामागे तीन लवंगा लावा, नाहीतर जमीन जप्त, असा हुकूम होता असं सांगतात. लवंग म्हणजे न उमललेली कळी, ती उमलायच्या आत हातानेच खुडायची, झाड दोन-तीन मजली, आणि खुडलेली कळी चटईवर उन्हात वाळवायची. एवढे हात कुठून आणायचे? ते पुढच्या प्रश्नात.

१८७२ ला चक्रीवादळ आलं, उंगुजातली बहुतेक झाडं आडवी झाली, पेंबा वाचलं, आणि तेव्हापासून लवंग म्हटलं की पेंबाच.

आता तुमच्या वडिलांच्याही आधीची गोष्ट सांगतो, मला स्वतःला ही फार आवडते. १९३० च्या दशकात ब्रिटिशांनी तिथे कायदे करून लवंगेच्या खरेदीचा ताबा एका सरकारपुरस्कृत संघाकडे द्यायला घेतला आणि भारतीयांना जमीन घ्यायलाही अडथळे घातले. भारतीय व्यापाऱ्यांनी इकडे तक्रार केली. भारत मोठं गिऱ्हाईक, विड्यात लवंग, मसाल्यात लवंग, दाढ दुखली की लवंग. तर १९३७ ला काँग्रेसने चक्क झांझिबारच्या लवंगेवर बहिष्कार टाकला! मुंबईत माल उचलला जाईना, तिकडे सरकारचे हात टेकले आणि १९३८ ला तडजोड झाली. मिठाचा सत्याग्रह शाळेत शिकवतात, लवंगेचा कुणी शिकवत नाही. अर्थात दुसरी बाजूही आहे, कर्जात बुडालेल्या बागवाल्यांच्या जमिनी सावकाराकडे जाऊ नयेत असं त्या कायद्यांचं म्हणणं होतं, आणि सावकार कोण, तर बहुतेक आपलेच.

नंतर लवंगेचे दिवस फिरले. इंडोनेशियात लवंग घातलेल्या सिगारेटी ओढतात, त्यामुळे तो देश झांझिबारचा मोठा खरेदीदार होता, पण त्यांनी स्वतःचीच लागवड इतकी वाढवली की १९८० च्या दशकात भाव कोसळला. आणि झांझिबारात लवंग विकायची ती सरकारी महामंडळालाच, भाव ते देतील तो, म्हणून रात्री होडीत पोती टाकून केनियाला पळवायची कला तिथल्या लोकांनी कमावली.

मी निवृत्त इतिहास शिक्षक. आपल्या लोकांनी झांझिबार उभं केलं असं अभिमानाने सांगितलं जातं. गुलामांच्या व्यापाराशी भारतीयांचा संबंध होता का? (वाचक, नौपाडा, ठाणे)

सर, होता. अभिमान बाळगायचा तर खातेवही पूर्ण वाचूनच.

शिडाच्या जहाजांचं गणित आधी बघा. ईशान्येचा वारा, ज्याला तिथे कास्काझी म्हणतात, तो डिसेंबरच्या सुमाराला जहाजं आफ्रिकेकडे न्यायचा, आणि एप्रिलपासून कुसी म्हणजे नैऋत्येचा वारा परत आणायचा, पण जूनच्या आत घरी पोचायचं, नाहीतर काय होतं ते कुठल्याही कोळ्याला विचारा. या वाऱ्यांवर कच्छी, गुजराती, बोहरी, खोजे, पारशी, गोवेकर सगळे गेले. मराठी माणूस त्यात कमीच, आपण इथेच भांडत बसलो होतो. कच्छच्या मुंद्र्याची जयराम शिवजी नावाची भाटिया पेढी होती, तिच्याकडे सुलतानाच्या जकातीचा इजारा कित्येक वर्षं होता, म्हणजे बंदरात आलेल्या प्रत्येक मालावरची जकात हे गोळा करणार आणि सुलतानाला ठरलेली रक्कम देणार. हळूहळू सुलतानच त्यांचा कर्जदार झाला. आणि बंदरात येणाऱ्या ‘माला’त माणसंही होती. खुद्द गुलाम हाकणारे बहुतेक दुसरे, पण मुख्य भूमीवर जाणाऱ्या तांड्यांना भांडवल आपल्या पेढ्यांचं, आणि घरकामाला, बागेत गुलाम ठेवणारे भारतीयही होतेच. ब्रिटिश कॉन्सल रिग्बीने १८६० च्या आसपास भारतीयांकडचे हजारो गुलाम मोकळे केले, तेव्हा आपली मंडळी खूश नव्हती.

पुढचा धागा थेट मुंबईला येतो. बार्टल फ्रिअर, हा मुंबईचा माजी गव्हर्नर, फ्लोरा फाउंटनचं मूळ नाव याच्यावरून फ्रिअर फाउंटन. याला १८७२ ला झांझिबारला पाठवलं, सुलतान बर्गशने आधी नकार दिला, मग आरमाराने बंदर अडवायची धमकी आल्यावर जून १८७३ मध्ये सही केली आणि गुलामांचा बाजार बंद झाला. बाजाराच्या जागेवर आज चर्च आहे. गुलामी कायद्याने गेली ती मात्र १८९७ ला, म्हणजे बाजार बंद झाल्यावरही २४ वर्षं बागांत तेच हात राबत होते.

आणि सर, नाशिकला गेलात की शरणपूर रोडवरून जाताना जरा थांबा. समुद्रात पकडलेल्या गुलामांच्या जहाजांवरून सुटलेली आफ्रिकन मुलं शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यातला जेकब वेनराइट हा आफ्रिका धुंडाळणाऱ्या लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात होता, आणि १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याचं शव आतल्या जंगलातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत होता. ‘नासिक बॉइज’ असंच नाव पडलं होतं या मुलांना. पुढे त्यातले बरेच मोम्बासाजवळ फ्रिअरटाउन वसवायला परत गेले. नाशिक म्हटलं की आपल्याला द्राक्षं आठवतात.

३८ मिनिटांचं युद्ध खरं का? (वाचक, कळवा)

खरं. २७ ऑगस्ट १८९६. खालिद नावाचा राजपुत्र ब्रिटिशांना न विचारता गादीवर बसला, सकाळी ९ ला तोफा सुरू झाल्या आणि पाऊण तासाच्या आत संपलं. कुणी ३८ मिनिटं म्हणतं, कुणी ४५. खालिदच्या बाजूची सुमारे ५०० माणसं मेली किंवा जखमी झाली, म्हणून हा किस्सा विनोद म्हणून फॉरवर्ड होतो तेव्हा मला हसू येत नाही.

लग्नानंतर तिथे जायचा प्लॅन आहे. बीच सोडून काय बघावं, काय खावं? (वाचक, खारघर)

आधी अभिनंदन. ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना तिथल्याच सरकारी कंपनीचा प्रवास विमा सक्तीचा केलाय, माणशी ४४ डॉलर. स्वाहिलीत विम्याला ‘बिमा’च म्हणतात. दुकान ‘दुका’, गाडी ‘गारी’, गोणी ‘गुनिया’, लाख म्हणजे ‘लाकी’, साबण ‘साबुनी’, पैसा ‘पेसा’, आणि चेकला ‘हुंडी’! रुपया तर तिथलं चलन होता १९३५ पर्यंत. डॉलर नेताना नव्या सालाच्या नोटा न्या, जुन्या घेत नाहीत.

आणि वेळ विचारताना सांभाळा. मला एकाने मसाल्याच्या बागेच्या टूरची वेळ ‘सा म्बिली’ सांगितली, म्हणजे दोन वाजता, मी जेवून आरामात दोनला गेलो तर गाडी सकाळी आठलाच गेलेली. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे एक वाजला. आपल्या आजोबांच्या प्रहरासारखंच, पण माझे पैसे गेले ते गेलेच.

स्टोन टाउनच्या, म्हणजे जुन्या झांझिबार शहराच्या, गल्ल्यांत पायी फिरा, २००० साली जागतिक वारसा झालेलं शहर आहे, पितळी खिळे ठोकलेले नक्षीचे दरवाजे बघा. बर्गश सुलतान तरुणपणी भावाविरुद्ध बंड करून हरला तेव्हा दोनेक वर्षं मुंबईत हद्दपार होता, आणि पुढे गादी मिळाल्यावर १८८३ ला त्याने ‘बैत अल अजायब’ म्हणजे नवलवाडा बांधला, वीज आणि लिफ्टवाला. मी बाहेरूनच बघितला, बंद होता, आणि डिसेंबर २०२० ला त्याचा मोठा भाग कोसळला.

खायचं ते फोरोधानी बागेत संध्याकाळी. उरोजो मागा, आंबटसर पिवळं पातळ, त्यात भजी, बटाटा, कसाव्याचा (ज्याचा साबुदाणा होतो तो कंद) चिवडा, चटणी, सगळं एकत्र. ठाणेकर असाल तर मिसळच वाटेल, फक्त मटकी हरवलेली. आणि ‘काचोरी’ मागितलीत तर समोर बटाटावडा येईल. पाव नाही.

आणि पूर्वेकडच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी जा. कमरेएवढ्या पाण्यात बायका दोऱ्यांना समुद्री शेवाळ बांधताना दिसतील. १९८९ च्या सुमाराला ही शेती सुरू झाली, आइस्क्रीम, टूथपेस्टमध्ये घट्टपणा आणायला लागतं ते यातून निघतं. पाणी तापायला लागल्यापासून चांगल्या भावाची जात मरते आणि स्वस्तातली तेवढी टिकते. फोटो काढायच्या आधी त्यांना विचारा. पाहुणे २०२३ ला सहा लाखांच्या वर आले, बेटाची मोठी कमाई आता तीच आहे, पण शेजारच्या रिसॉर्टची भिंत जिथे येते तिथे यांची पाण्यावर जायची वाट अडते. आणि गावात शिरताना अंगभर कपडे घाला, बहुतेक वस्ती मुसलमान आहे, बोलून दाखवत नाहीत पण खटकतं त्यांना.

फ्रेडी मर्क्युरी झांझिबारचा ना? (वाचक, वर्तकनगर)

हो, ‘क्वीन’ बँडचा तो गायक, जन्म १९४६, पारशी, फारूख बुलसारा, शाळा आपल्या पाचगणीची. पण मी त्याच्याऐवजी सिती बिंती साद हे नाव सांगेन. गरीब घरची, गावात मडकी विकायची, मडकी विकता विकता गायची, आणि पुढे ‘तारब’ या तिथल्या पारंपरिक गाण्याची राणी झाली. १९२८ ला तिची रेकॉर्डिंग झाली ती मुंबईत. रेकॉर्डवर गाणारी पूर्व आफ्रिकेतली पहिली बाई आपल्या शहरात येऊन गाऊन गेली, आणि इथे तिच्या नावाची पाटीसुद्धा नाही.

तिथल्या बायका साडी नेसतात का? (वाचक, घणसोली)

साडी नाही, कांगा. दोन चौकोनी छापील कापडं, एक कमरेला आणि एक डोक्या-खांद्यावर, आणि प्रत्येकाच्या खालच्या काठाजवळ एक म्हण छापलेली. शेजारणीला टोमणा मारायचा तर तोंड उघडायचं नाही, योग्य म्हणीचा कांगा नेसून तिच्या दारावरून जायचं. मी बायकोसाठी आणला त्यावर ‘हाबा ना हाबा हुजाझा किबाबा’ असं होतं, म्हणजे थोडं थोडं करत माप भरतं, आपलं थेंबे थेंबे तळे साचे. ती म्हणाली टोमणा कुणाला आहे हा, आणि आता तो इस्त्रीच्या टेबलावर अंथरलेला असतो.