सहकारी प्राध्यापकाच्या तासाला बसून उपयोगी निरीक्षण कसं करावं?

आदल्या दिवशी दोघांनी पंधरा मिनिटं बोला. काय पाहायचं ते ज्याचा तास आहे त्यानेच ठरवावं, आणि एकच गोष्ट ठरवावी: उदाहरणार्थ, प्रश्न विचारल्यावर मी किती वेळ थांबतो? विज्ञान-शिक्षणाच्या अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांना शाळांतल्या विज्ञानाच्या वर्गांत शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबताना आढळले. हा वेळ ३ सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं.

वर्गात मागे, कडेला बसा. पानावर दोन रकाने पाडा: डावीकडे वेळ आणि घडलेली गोष्ट, उजवीकडे तुमचं मत. बहुतेकांची गल्लत इथेच होते. "मुलं कंटाळली" हे मत झालं. "१०.२० प्रश्न, १ सेकंदात सरांनीच उत्तर दिलं" ही नोंद. चर्चा नोंदीवरच होऊ शकते, मतावर फक्त वाद.

एक-दोन दिवसांत भेटा, आधी शिकवणाऱ्याला बोलू द्या. बदल एकच ठरवा, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बसा, मग अदलाबदल करा.

कागद शिकवणाऱ्याकडेच राहू द्या. तो विभागप्रमुखांकडे किंवा बढतीच्या फाइलीत गेला, की पुढच्या वेळी सजवलेला तासच पाहायला मिळतो.