रे मिलंड: 'डायल एम फॉर मर्डर'मधल्या त्या नवऱ्याविषयी

तुम्ही विचारलंय की 'डायल एम फॉर मर्डर' या हिचकॉकच्या सिनेमामध्ये बायकोच्या खुनाचा बेत आखणारा तो रुबाबदार नवरा कोण, आणि त्याचं आणखी काय पाहावं. तो रे मिलंड. माझा फार आवडता नट, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेल्समधल्या नीथचा हा मुलगा. मूळ नाव आल्फ्रेड रेजिनाल्ड जोन्स. तरुणपणी ब्रिटिश राजघराण्याच्या घोडदळात होता, नेमबाजीत तरबेज. १९३०च्या सुमारास हॉलिवूडला गेला, काही वर्षं किरकोळ कामं केली आणि मग पॅरामाउंट या सिनेमा कंपनीत स्थिरावला. उंच, देखणा, कोट अंगावर छान बसणारा. त्यामुळे हलक्याफुलक्या प्रेमकथांचा नायक. १९४२चा 'द मेजर अँड द मायनर' त्यातला सगळ्यात गोड. पण त्या दहा वर्षांत त्याच्याकडून फारसं काही कुणी मागितलंच नाही, असं मला वाटतं.

ते मागितलं दिग्दर्शक बिली वाइल्डरनं, १९४५च्या 'द लॉस्ट वीकेंड'मध्ये. दारूत बुडालेला लेखक डॉन बर्नम. या भूमिकेसाठी मिलंडनं वजन घटवलं, न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळात दारुड्यांच्या वॉर्डात एक रात्र काढली. सिनेमात तो टाइपरायटर गहाण टाकायला थर्ड अॅव्हेन्यूवरून पाय ओढत निघतो आणि दुकानामागून दुकान बंद. ज्यूंचा योम किप्पुरचा सण असतो. हे चित्रण खऱ्या रस्त्यावर, कॅमेरा लपवून केलेलं. दाढी वाढलेला, घामेजलेला तो माणूस पाहताना आधीचा देखणा नायक आठवतच नाही. स्वतःच लपवलेली बाटली सापडत नाही म्हणून घर उलथंपालथं करतो, थकून मागे रेलतो, आणि तिची सावली छतावर दिसते. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो तो मला पाहवत नाही. आमच्या नात्यात असा एक माणूस होता. हाच आनंद मी त्याच्या डोळ्यांत पाहिलाय.

या कामासाठी त्याला ऑस्कर मिळालं, फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचा पुरस्कारही मिळाला.

पुढे 'द बिग क्लॉक' (१९४८) जरूर पाहा. 'द थीफ' (१९५२) हा तर बोलपट असूनही त्यात एकही संवाद नाही, सगळा भार त्याच्या चेहऱ्यावर. नंतर त्यानं दिग्दर्शनही केलं. अणुहल्ल्यानंतरच्या एका कुटुंबाची गोष्ट सांगणारा 'पॅनिक इन इयर झिरो' (१९६२) त्याचाच. उतारवयातले बरेच भयपट सोडून दिले तरी चालतील, 'लव्ह स्टोरी'तला (१९७०) श्रीमंत, करारी बाप मात्र सोडू नका. १९८६मध्ये तो कॅलिफोर्नियात वारला.

'डायल एम'वरून आपल्याकडे मुकुल आनंदनं 'ऐतबार' केला, नवऱ्याच्या भूमिकेत राज बब्बर. मी तो आधी पाहिला होता, त्यामुळे कट कसा उलटतो ते ठाऊक होतं. तरीही १९५४चा मूळ सिनेमा बघताना मी मिलंडवरून नजर काढू शकलो नाही. 'द लॉस्ट वीकेंड' बघून झाला की 'डायल एम'चा शेवट पुन्हा लावा. पकडला गेल्यावर तो शांतपणे दारू ओततो, बायकोलाही विचारतो, तुला हवी का. डॉन बर्नमचा हात पेल्याशी थरथरायचा. इथे तो जराही हलत नाही.