टर्बो २४० झेड: निळा धूर, गचके आणि पेट्रोल

डॅटसन २४० झेडमध्ये एल२८ईटी (निसानचं टर्बोवालं इंजिन) बसवून गाडी सुरू केलीस, मनापासून अभिनंदन. निळा धूर येतोय आणि आयडलला गचके बसतायत म्हणालास, पण त्या धुरासाठी टर्बो लगेच उतरवू नकोस. आधी तेलाची परतीची नळी बघ. टर्बोतलं तेल केवळ उताराने खाली येतं. नळीला मध्येच झोळ असेल, ती दबली असेल किंवा संपमधल्या (इंजिनाखालच्या तेलाच्या तबकातल्या) तेलाच्या पातळीखाली जोडली असेल, तर तेल तुंबतं आणि सीलमधून एक्झॉस्टमध्ये उतरतं. नवा टर्बो घेऊनही धूर तसाच राहिलेले लोक मी पाहिलेत.

आयडलचे, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद चालतानाचे, गचके बहुधा हवेच्या गळतीचे. मूळ फ्लॅपवाला एअरफ्लो मीटर (आत येणारी हवा मोजणारा) असेल, तर त्याच्यानंतरची बारीक चीरही नडते. आयडलला न मोजलेली हवा आत शिरून मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा दाबून भरत असताना, मोजलेली हवा बाहेर निसटते, पेट्रोल जास्त होतं आणि काळा धूर निघतो. गळती एकच, लक्षणं उलटी! इनटेकला हलका दाब दे, सांध्यांवर साबणाचं पाणी लाव, बुडबुडे दिसतीलच.

ही मूळची कार्ब्युरेटरची गाडी. नव्या इंजिनाच्या इंजेक्शनला सुमारे २.५ बार दाब लागतो, त्यामुळे जुना यांत्रिक पंप विसर. होज आणि क्लिपाही त्याच दाबाच्या घे, इथे काटकसर अजिबात नको. गरम एक्झॉस्टशेजारी पेट्रोल गळलं तर गाडी जळते.

वाइडबँड मीटर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) बसेपर्यंत बूस्ट वाढवू नकोस. कॉम्प्रेशन कमी, ७.४:१ असलं तरी नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी खडखड) होतं. खडखड ऐकू आली की अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढ, मग इग्निशनचं टाइमिंग तपास.