टेल लाइट स्मोक करून आत एलईडी टाकले तर उजेड भरून निघतो का?

नाही निघत. तुमचा बेत असा आहे: हॅचबॅकच्या टेल लाइटवर गडद स्मोक फिल्म लावायची, आणि उजेड कमी पडू नये म्हणून आतले साधे बल्ब काढून एलईडी बसवायचे. पुण्याच्या नाना पेठेतला दुकानदार दोन्ही कामं तासाभरात करून देतो म्हणतोय. फिल्मने खाल्लेला उजेड एलईडी परत देईल हा हिशोब ऐकायला बरोबर वाटतो, पण त्यात टेल लाइटचा एक मोठा भाग धरलेलाच नाही. तो म्हणजे रिफ्लेक्टर, मागून आलेला प्रकाश परत फेकणारा जाळीदार लाल तुकडा.

आधी फिल्म. दुकानात '३० टक्के स्मोक' म्हणतात तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा, की ३० टक्के उजेड पार होतो की ३० टक्के अडतो? दोन्ही अर्थांनी बोलणारे दुकानदार आहेत आणि फरक दुपटीहून जास्त आहे. समजा निम्मा उजेड पार करणारी फिल्म घेतली. ब्रेक लाइट निम्मा होईल. रिफ्लेक्टरचं मात्र तसं नाही. मागच्या गाडीच्या हेडलाइटचा प्रकाश फिल्ममधून आत जातो आणि परतताना पुन्हा त्याच फिल्ममधून बाहेर येतो. निम्म्याचा निम्मा, म्हणजे २५ टक्के उरतो. ३५ टक्के पार करणारी फिल्म असेल तर रिफ्लेक्टरकडे साधारण १२ टक्के राहतात. आत कितीही वॅटचा एलईडी घाला, या आकड्यात काडीचाही फरक पडत नाही, कारण रिफ्लेक्टरला वायरच जात नाही. नव्या कात्रज बोगद्याच्या अलीकडे रात्री बॅटरी मेलेली गाडी कडेला उभी असेल, तर मागून येणाऱ्या ट्रकला दाखवायला तुमच्याकडे फक्त तो लाल तुकडा असतो. मोटार वाहन नियमावलीतल्या १०४ क्रमांकाच्या नियमाने मागे दोन लाल रिफ्लेक्टर सक्तीचे केलेत ते यासाठीच.

आता बल्ब. बहुतेक हॅचबॅकमध्ये मागे पी२१/५डब्ल्यू हा दोन फिलामेंटचा बल्ब असतो. ५ वॅटची फिलामेंट टेलसाठी, म्हणजे रात्री सतत मंद लागणाऱ्या दिव्यासाठी, आणि २१ वॅटची ब्रेकसाठी. नाममात्र उजेड ३५ आणि ४४० ल्युमेन. मागचा ड्रायव्हर उजेड मोजत बसत नाही, तो फरक ओळखतो: मंद लाल एकदम भडक झाला की पुढच्याने ब्रेक मारला. आंतरराष्ट्रीय मानकात समोरून पाहताना टेलला किमान ४ कँडेला (एका दिशेने किती उजेड जातो त्याचं माप) आणि ब्रेकला किमान ६० कँडेला लागतात; शिवाय दोन्ही दिवे एकाच जागी असतील तर ब्रेक दाबल्यावरचा प्रकाश नुसत्या टेलच्या निदान पाचपट हवा. आपली एआयएस, म्हणजे भारतातल्या वाहनांची मानकंही त्याच धर्तीवर आहेत, आणि त्यांच्या चाचण्या आपल्याच कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेत होतात. स्वस्त एलईडी बल्ब नेमका या पाचपटीत मार खातो. टेल लाइट लावल्यावरच तो इतका भगभगीत असतो की ब्रेक दाबल्याचं कळत नाही. दुकानात मात्र बल्ब लावून दाखवतात तेव्हा 'बघा किती ब्राइट' एवढंच दिसतं.

दुसरी अडचण दिव्याच्या घडणीतच आहे. आतली चकचकीत वाटी फिलामेंटच्या जागेचा मिलिमीटरमध्ये हिशोब करून बनवलेली असते. फिलामेंट सगळीकडे प्रकाश फेकते आणि वाटी तो मागे नीट पसरवते. एलईडी बल्बवर चिप, म्हणजे उजेड देणारे बारीक तुकडे, कडेला चार ओळींत आणि टोकाला एक-दोन अशा चिकटवलेल्या असतात. टोकाची चिप थेट मागच्याच्या डोळ्यात जाते, म्हणून मधोमध एक झगझगीत ठिपका आणि भोवतीची वाटी अंधारी. सरळ मागून पाहिलं तर छान वाटतं. बाजूच्या लेनमधल्या स्कूटरवाल्याला, तिरक्या कोनातून, जवळपास काहीच दिसत नाही. घ्यायचाच असेल तर कडेच्या चिप जास्त आणि टोकाची कमी असलेला घ्या, चिप मूळ फिलामेंटच्या उंचीवरच आहेत ना ते जुना बल्ब शेजारी धरून बघा.

रंगाची चूक तर सर्रास होते. लाल लेन्सच्या मागे पांढरा एलईडी लावतात. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावर पिवळसर फॉस्फरचा थर देऊन पांढरा भासवलेला; त्याच्या प्रकाशात लाल भाग कमीच. लाल लेन्स बाकी सगळं अडवते आणि बाहेर येतो फिकट गुलाबी उजेड. जुनी फिलामेंट लालसर प्रकाशाने भरलेली असल्याने तिथे हा प्रश्न येत नव्हता. लाल लेन्समागे लाल एलईडी, पारदर्शक लेन्सच्या इंडिकेटरमागे अंबर. यात तडजोड नाही.

इंडिकेटरला एलईडी लावला की पट-पट-पट अशी दुप्पट वेगाची उघडझाप सुरू होते. जुन्या पद्धतीत पुढे २१, मागे २१ आणि बाजूला ५, असे ४७ वॅट म्हणजे सुमारे ४ अँपिअर वाहतात. मागचा बल्ब ३ वॅटचा झाला की प्रवाह घटतो आणि फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणाऱ्या भागाला, वाटतं बल्ब उडाला. मिनिटाला ६० ते १२० वेळा ही योग्य गती. उपाय म्हणून ६ ओहमचा, ५० वॅटचा सोनेरी रेझिस्टर समांतर जोडतात, म्हणजे तो प्रवाह खाऊन कमी पडलेला भार भरून काढतो. इंजिन चालू असताना त्यातून ३० वॅट उष्णता निघते. म्हणजे १८ वॅट वाचवायला ३० वॅट जाळायचे! हा रेझिस्टर डिकीच्या प्लास्टिकवर किंवा गालिच्यामागे नुसता टेपने चिकटवला तर प्लास्टिक वितळतं आणि वायरचं इन्सुलेशन करपतं. धातूच्या पत्र्यावर स्क्रूने कसायचा, वायरपासून लांब. गाडीत सुटा फ्लॅशर रिले असेल तर तोच एलईडीचा बदलणं चांगलं. नव्या गाड्यांत हे काम कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीतला छोटा संगणक करतो, तिथे तो मार्ग नाही. वायर कापून जोडणारा मेकॅनिक असेल तर वॉरंटी विसरा.

एलईडीचा एक फायदा खराच आहे, तो नाकारून चालणार नाही. फिलामेंट तापून पूर्ण पेटायला साधारण ०.२ सेकंद घेते, एलईडी तत्काळ लागतो. ताशी ८० किलोमीटरला तेवढ्यात गाडी साडेचार मीटर पुढे गेलेली असते. नवले पुलाच्या उतारावर साडेचार मीटर म्हणजे पूर्ण एका गाडीची लांबी. पण हा फायदा घ्यायला कंपनीचा एलईडी दिवा हवा किंवा निदान चांगला बल्ब हवा, आणि वर काळी फिल्म नको.

कंपनीचे एलईडी दिवेही निर्दोष नाहीत. आतला एक तुकडा गेला तरी बहुतेक वेळा पूर्ण दिवा बदलावा लागतो; पन्नास रुपयांच्या बल्बऐवजी काही हजारांचं बिल. काही दिवे मंद करण्यासाठी झपाट्याने चालू-बंद केले जातात, त्यामुळे डॅशकॅममध्ये लुकलुकताना दिसतात आणि नजर फिरवताना ठिपक्यांची माळ उमटते. स्वस्त एलईडीला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटमुळे एफएमवर खरखर येते. आणि पावसाळा: साधा बल्ब तापून दिव्यातली वाफ सुकवायचा, एलईडी लेन्स तापवत नाही, त्यामुळे जुलैत आत थेंब साचतात. त्यात फिल्मवाल्याने दिव्याच्या मागची हवा जाण्याची छोटी नळी किंवा भोक टेपने बुजवलं असेल तर दिवाळीपर्यंत आत तळं दिसेल.

कायद्याचं थोडक्यात. काचेच्या काळ्या फिल्मबाबतचा २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि ७० व ५० टक्के उजेड पार होण्याचे आकडे गाडीच्या काचांचे आहेत. 'दिव्याला ५० टक्के चालते' म्हणणारा त्याचीच गल्लत करतोय. दिव्याला लागू होतं ते मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: मूळ मंजूर रचनेत परवानगीशिवाय बदल नको. त्याच कायद्याच्या कलम १८२अ(४) प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. व्यवहारात चौकातला पोलीस दरवेळी अडवत नाही. मागून कोणी ठोकलं की मात्र विमा कंपनीचा सर्व्हेअर काळे दिवे पहिले पाहतो.

एवढं ऐकूनही काळा लुक हवाच असेल, तर माझं मत असं: पेटणाऱ्या भागाला हात लावू नका. बऱ्याच दिव्यांत पेटणाऱ्या कप्प्यांभोवती नुसती शोभेची पट्टी असते, आणि डिकीवरचा त्याला जोडलेला तुकडा अनेक गाड्यांत पेटतच नाही. तेवढाच झाका. रात्री टेल, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स एकेक लावून पेटणाऱ्या जागेच्या कडा मार्करने आखा. जाळीदार लाल रिफ्लेक्टर, रिव्हर्सचा पांढरा भाग आणि वरचा तिसरा ब्रेक लाइट सोडा. रिव्हर्स झाकला तर बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मागच्या कॅमेऱ्यात नुसती मुंग्यांची गर्दी दिसते.

फिल्मच वापरा, स्प्रे नको. स्प्रेचा प्रत्येक हात किती गडद बसला हे मोजता येत नाही, दोन्ही बाजू कधी जुळत नाहीत, आणि काढायचं तर १०००, १५००, २००० च्या पाण्याच्या पॉलिश पेपरने घासून बफ करावं लागतं. दुसरं म्हणजे टेल लाइटची लेन्स बहुधा ॲक्रिलिकची असते, हेडलाइटसारखी पॉलिकार्बोनेटची नाही. थिनर, पेट्रोल, अगदी सॅनिटायझरसारखं स्पिरिटही तिला चालत नाही. बारीक केसासारख्या भेगा पडतात, त्या पुन्हा भरत नाहीत. साफ करायला साबणाचं पाणी आणि मायक्रोफायबर पुरे.

लावताना एक लिटर पाण्यात बेबी शॅम्पूचे चार-पाच थेंब. लेन्स आणि फिल्मची चिकट बाजू दोन्ही भिजवा, मधून सुरू करून कडेकडे स्क्वीजीने (रबरी पट्टीने) पाणी काढा. वळणावर हीट गन वीसेक सेंटिमीटर लांब, सतत हलती. ॲक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं. काप लेन्सवर ब्लेड फिरवून करू नका, कागदाचा साचा आधी करा. कडेपासून दोन मिलिमीटर आत थांबा, नाहीतर धुताना प्रेशरचं पाणी टोक उचलतं. चोवीस तास गाडी धुवायची नाही.

झाल्यावर खरी चाचणी रात्री नाही, भर दुपारी बाराला. मागून ऊन पडेल अशी गाडी उभी करा, कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा, चाळीस पावलं मागे आणि मग दोन्ही कडेला तिरकं उभं राहून बघा. शेजारी त्याच मॉडेलची न छेडलेली गाडी असेल तर उत्तमच. ब्रेक दाबला की सोडला हे क्षणात ओळखता आलं नाही, तर फिल्म उतरवा.

उतरवणं सोपं आहे, फक्त घाई नको. हेअर ड्रायरने कोमट करायची, टोक उचलून लेन्सला लागून, हळूहळू मागे ओढायची. सरळ वर ओढली तर चिकट तिथेच राहतं. राहिलंच तर खोबरेल तेलाचा बोळा पंधरा मिनिटं ठेवा, अंगठ्याने चोळून काढा आणि साबणाने धुवा. बाटलीतला चिकट काढणारा द्रव वापरायचा मोह झाला तर त्यावर ॲक्रिलिकसाठी चालतो असं लिहिलंय का ते आधी वाचा.